सुगरणीच्या मनात काय? : डॉ. सलीम अली

मुलांनो, भातलावणी उरकली की आपल्या मुळशीत ओढ्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. नाव सुगरण, म्हणजे बाईमाणसाचे. पण भातपातीचे धागे काढून खोपा विणतो तो नर! या पाखराचा संसार बारकाईने पाहिला थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणीच आईवडील गेले, मामा-मामींनी वाढवले. एकदा त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. बघतात तो गळ्यावर पिवळा ठिपका! ही कसली चिमणी? मामांनाही सांगता येईना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्डसाहेब यांनी ती ओळखली, वर पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. झाले, पोराला पाखरांचे वेड लागले.

१९२६ साली मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी लागली. पुढे शिकायला ते बर्लिनला गेले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी जागाच बंद! मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. ताम्हिणी घाट उतरल्यावर जो रायगड जिल्हा लागतो, त्यातलेच हे समुद्रकाठचे गाव. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. हे सुगरणी बघत बसले.

त्यांना काय दिसले? नर खोपा अर्धाच विणतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहतात. पसंत पडला तर एखादी राहते, नाहीतर भुर्रकन उडून जाते. ती राहिली की नर खोप्याची नळी पुरी करतो. मादी अंडी उबवायला बसते आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो! १९३१ साली त्यांनी हे छापले.

आता गंमत बघा. मादी खोपा पारखते, पण आपली पारख पक्की की कच्ची, हे तिला उमगते का? फळ्यावरचे गणित आपल्याला येणार की नाही, हे आपल्याला आधीच जाणवते ना, तसे? खोप्याखाली कितीही वेळ उभे राहिले तरी ते दिसत नाही. त्याला निराळी युक्ती लागते. २००१ साली अमेरिकेत माकडांना चित्र दाखवून, थोड्या वेळाने ओळखायला लावले. बरोबर आले तर शेंगदाणा, चुकले तर काही नाही, परीक्षाच नको म्हटले तर साधा खाऊ. फार वेळ गेला की माकडे परीक्षा टाळत! आणि आपणहून दिलेल्या परीक्षेत ती कमी चुकत. म्हणजे आठवते की नाही, याचा अंदाज त्यांना होता, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. काहींना ते पटत नाही.

१९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८५ साली आत्मचरित्र आले, त्याच्या नावात ती लहानपणची चिमणी आहे. १९८७ साली, नव्वदी गाठून, ते मुंबईत वारले.