सवाई जयसिंह : ग्रहांचे गणित आणि माणसाचा निर्णय

पावसाची चाहूल लागताच मुंग्या आपली अंडी तोंडात धरून उंच जागी नेतात. येणाऱ्या संकटाची ही तयारी त्या उपजत प्रेरणेने करतात. माणूसही भविष्याचा वेध घेतो. परंतु त्यानंतर काय करावे, हे त्याला स्वतः ठरवावे लागते. जयपूरचे संस्थापक सवाई जयसिंह यांच्या चरित्रातून हा भेद उमगतो.

जयसिंहांचा जन्म १६८८ साली झाला. बालवयातच ते आमेरच्या गादीवर बसले. गणित व ज्योतिष यांची त्यांना विलक्षण ओढ होती. जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडितांनी त्यांच्यासाठी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. १७२७ साली जयसिंहांनी जयपूर वसवले. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व काशी येथे वेधशाळा उभारल्या. धातूची यंत्रे झिजतात, म्हणून त्यांनी दगड-चुन्याची भव्य यंत्रे बांधली. जयपूरच्या सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे. आषाढी पौर्णिमेला त्याच्या माथ्यावरून वारा पाहून पावसाचा अंदाज बांधण्याची परंपरा आहे. ग्रह आपल्या इच्छेने मार्ग बदलत नाहीत. म्हणूनच ग्रहणाची वेळ आधी सांगता येते.

राजकारणात असे गणित चालत नाही. १७१५ साली जयसिंहांनी माळव्यात पिलसूद येथे मराठ्यांचा पराभव केला होता. १७३४ साली हुरडा येथे त्यांनी मराठ्यांविरुद्ध राजपूत राजांना एकत्र आणले. पण पुढची मोहीम फसली. मराठ्यांचे वाढते सामर्थ्य दिल्ली दरबारातील इतर सरदारांनाही दिसत होते. त्यांपैकी काहींनी युद्धाचाच आग्रह धरला. जयसिंहांनी मात्र सलोख्याचा मार्ग निवडला. १७३५ साली तीर्थयात्रेस निघालेल्या बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई यांचे त्यांनी आदरातिथ्य केले आणि १७३६ साली बाजीरावांची भेट घेतली.

प्रत्येक निर्णय मात्र हितकर ठरला नाही. १७०८ साली मेवाडच्या राजकन्येशी विवाह करताना, तिचाच पुत्र वारस होईल, असे वचन त्यांनी दिले. पुढे थोरला मुलगा ईश्वरीसिंह दुसऱ्या राणीला झाला. १७४३ साली जयसिंहांचे निधन झाले आणि ईश्वरीसिंह व मेवाडच्या राजकन्येचा पुत्र माधोसिंह यांच्यात यादवी माजली. १७५० साली मराठी फौजा जयपूरवर चालून आल्या असता ईश्वरीसिंहांनी आत्मघात केला.

भविष्याची चाहूल घेणे हा सजीवांचा स्वभाव आहे. अनेक मार्गांतून एक निवडणे आणि त्याचे उत्तरदायित्व स्वीकारणे, यात माणसाचे स्वातंत्र्य आहे.