विश्रांतीच्या हक्काचा पहिला पुरस्कर्ता

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्यातील साखर कारखान्यांची धुराडी अहोरात्र पेटलेली असतात. काम पाळ्यांमध्ये चालते आणि गाव जागे होत असता रात्रपाळीचा कामगार अंथरुणाला पाठ टेकतो. मनुष्याच्या थकव्याला मर्यादा असते व ती कायद्याने मान्य केली पाहिजे, हे तत्त्व आज आपण स्वयंसिद्ध मानतो. परंतु या देशात त्यासाठी प्रथम संघटितपणे झगडलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण आपल्याला क्वचितच होते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे ते एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे कामगारांचे जिणे त्यांना जवळून पाहावयास मिळाले. सातारा, रत्नागिरी यांसारख्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली ती माणसे होती. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भागही तेव्हा साताऱ्यातच मोडत असे. शेतावर राबण्याची त्यांना सवय होती. परंतु शेतीच्या कष्टाला ऋतूंचा विसावा असतो, यंत्राला तो ठाऊक नसतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद राहत, गिरणी कामगाराला मात्र आठवड्याची हक्काची सुटी नव्हती.

महात्मा फुले यांचे सहकारी असलेल्या लोखंड्यांनी १८८० मध्ये 'दीनबंधु' पत्राची धुरा स्वीकारून ते मुंबईहून काढण्यास प्रारंभ केला. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरवले, पण प्रौढांना संरक्षण दिले नाही. तेव्हा १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवला. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या.

त्यांचा मार्ग सोपा नव्हता. असे कायदे म्हणजे देशी गिरण्या बुडवण्याचा लँकेशायरचा डाव, अशी राष्ट्रीय वृत्तीच्या पुष्कळ पत्रांची धारणा होती आणि ती सर्वस्वी निराधारही नव्हती. तथापि परक्याचा हेतू अशुद्ध आहे म्हणून आपल्या कामगाराने विश्रांतीवाचून मरावे काय, हा प्रश्न उरतोच. लोखंड्यांनी तो टाळला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने तिला आणि दुपारच्या अर्ध्या तासाला आधार दिला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने लोखंड्यांचे निधन झाले.

त्यांचे कार्य अपुरेच राहिले. पुरुषांचे तास त्या कायद्याने ठरवले नव्हते. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताचे बंधनही गेले आणि गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये आली. आठवड्याला ४८ तास व्हायला १९४६ साल उजाडले. दरम्यान पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतील निरीक्षणांवरून एच. एम. व्हर्नन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, कामाचे तास कमी केल्याने उत्पादन घटतेच असे नाही. कित्येकदा ते वाढते. थकलेला हात काम कमी आणि चुका अधिक करतो. प्रयोगशाळेची मदत नसताना लोखंड्यांनी कामगारांच्या चेहऱ्यांवरून जे ओळखले होते, त्याला शास्त्राने असा दुजोरा दिला.

आज प्रश्न तासांपुरता राहिलेला नाही. शरीराचे आंतरिक घड्याळ दिवस-रात्रीच्या चक्राशी बांधलेले असते. दिवसा घेतलेली झोप सहसा तुटक व अपुरी होते आणि पाळी वारंवार बदलल्यास शरीराला जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. रात्रीची एस. टी. हाकणारा चालक, रुग्णालयातील परिचारिका, साखर कारखान्यातील कामगार यांच्या जागरणावर इतरांची निश्चिंत झोप उभी आहे. त्यांच्या पाळ्या आखताना यंत्राच्या सोयीइतकाच माणसाच्या झोपेचाही विचार व्हावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमाचाच एक भाग आहे, हे तत्त्व लोखंड्यांनी घालून दिले. ते रात्रपाळीपर्यंत नेण्याचे काम आपले आहे.