बाळ आधी ‘मा’च का म्हणतं? रोमान याकोबसन यांची गोष्ट

आपलं बाळ खाऊला ‘मम्मम’ म्हणतं, इंग्रजी बाळ आईला ‘मामा’ म्हणतं. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे वडील! अर्थ वेगळे, आवाज मात्र तेच. असं का, याचं उत्तर शोधणारा भाषातज्ज्ञ तेव्हा स्वतःचा जीव वाचवत पळत होता.

रोमान याकोबसन यांचा जन्म १८९६ सालचा, मॉस्कोतल्या ज्यू कुटुंबातला. १९२० मध्ये ते प्रागला गेले आणि पुढे चेकोस्लोव्हाकियातच प्राध्यापक झाले. १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य तिथे घुसलं. याकोबसन आधी डेन्मार्कला, मग नॉर्वेला गेले. १९४० मध्ये नाझी नॉर्वेतही पोहोचले, तेव्हा त्यांनी स्वीडन गाठलं.

तिथे त्यांनी वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांच्या बोलण्याच्या नोंदी एकत्र तपासल्या. १९४१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातला मुद्दा साधा होता: मुलं आवाज वाटेल तसे शिकत नाहीत, त्याला क्रम असतो. आधी ‘आ’ आणि ओठ मिटून निघणारे ‘प’, ‘म’. मग ‘त’. ‘स’सारखे घासून निघणारे आवाज नंतर. ‘र’ आणि ‘ल’ यांतला फरक तर खूप उशिरा. मेंदूला इजा होऊन वाचा गेली, तर हेच आवाज उलट क्रमाने जातात, असंही त्यांनी मांडलं.

त्याच वर्षी ते जहाजाने अमेरिकेला गेले आणि पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागले.

त्यांचं सगळंच खरं ठरलं नाही. बाळाच्या बडबडीचा पुढच्या शब्दांशी संबंध नसतो, असं ते म्हणत. नंतरच्या संशोधकांना दिसलं, की बडबडीतूनच शब्द उमलतात. आवाजांचा क्रमही मुलागणिक आणि भाषेगणिक थोडा बदलतो.

१९८२ मध्ये याकोबसन गेले. दोनच वर्षांनी कॅनडातल्या एका संशोधनात हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले गेले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला. वर्षाच्या आसपासच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र तो नीट कळत होता.

म्हणजे पहिला शब्द नीट फुटायच्या सुमारासच बाळाचा कान घरच्या भाषेचा झालेला असतो.