कै. लक्ष्मीबाई टिळक : संसार आणि देवाची कृपा



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे असे ठरले आणि ते काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे दिले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. घरच्या हिशेबाच्या वहीपलीकडे माझा लेखणीशी फारसा संबंध नाही. पण ज्यांचे चरित्र मी निवडले आहे त्या लक्ष्मीबाई टिळक तर कधी शाळेतच गेल्या नव्हत्या. तरी त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते. त्यामुळे मला थोडा धीर आला.

थोरांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा त्यांत बहुतेक सारे गोडच असते. वडील सत्त्वशील, आई प्रेमळ, पती देवमाणूस आणि घरात कधी भांड्याला भांडे लागलेले नाही. आपले घर पाहावे तर तसे नसते. मग वाटते, देव अशाच नीटनेटक्या घरांत राहत असेल, आपल्याकडे कशाला येईल? लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचले म्हणजे ही समजूत दूर होते. त्यांनी माहेरचे, सासरचे, नवऱ्याचे आणि स्वतःचेही दोष झाकले नाहीत. आणि त्याच दोषांच्या घरात देव कसा आला हेही सांगितले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने सारे मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना इंग्रजांनी फाशी दिली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आणलेली प्रत्येक जिन्नस धुतल्याखेरीज घरात येत नसे, मग ते मीठ असो की साखर. मिठाला पाणी लागल्यावर त्याचे काय उरणार हे आपणा बायकांना सांगायला नको. त्या घरात आईचे आणि मुलांचे किती हाल झाले असतील! वडील दुष्ट नव्हते. भीतीने त्यांचे मन आजारी झाले होते, आणि त्याचा ताप घरादाराला झाला.

सासरची कथा याहून कठीण. १८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. त्यांच्या मातोश्री जानकीबाई मोठ्या भाविक, त्या स्वतः कविता करीत. पण वडील अतिशय तापट. बायकोचे वाचणे-लिहिणे त्यांना खपत नसे. जानकीबाईंना फार जाच झाला आणि त्या अकाली गेल्या. आईवेगळा कोवळा नारायण घर सोडून नाशिकला आला आणि लोकांच्या आधाराने शिकला. संस्कृत शिकला, कविता करू लागला. पण ज्या रागाने त्याची आई खचली तोच राग त्याच्या रक्तातही उतरला होता. आईवरच्या जुलमाने होरपळलेला मुलगा मोठेपणी स्वतःच शीघ्रकोपी झाला. दोष घराण्यात असे वारशाने चालत येतात. दागिने वाटून घ्यावे लागतात, हे मात्र न मागता मिळतात.

टिळक मनाचे फार मोठे, पण संसाराला अगदी निरुपयोगी. एका जागी नोकरी टिकत नसे. मनात आले की न सांगता निघून जात आणि कित्येक दिवस पत्ता नसे. लहान वयाची बायको माहेरी, नाहीतर बहिणीच्या दारी वाट पाहत बसे. हातात आलेला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन टाकीत. घरातल्या जिनसा संपल्या म्हणून बाजारात पाठवावे तर शोभेची दौत घेऊन परत येत. राग आला की तोल सुटे आणि राग उतरला की लहान मुलासारखे कळवळत. लक्ष्मीबाईही काही मुकाट्याने सोसणाऱ्या गाय नव्हत्या. त्या हट्टी होत्या, तोंडाने फटकळ होत्या आणि नवऱ्याला चार गोष्टी ऐकवीत. दोघांचे भांडण जसे कडाक्याचे, तसा एकमेकांवर जीवही मोठा. त्यांची मुलेही गेली, ते दुःख वेगळेच. १८९१ साली झालेला दत्तू मात्र जगला.

अशा घरात प्रभू येशूचे नाव कसे आले ते आता सांगते. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले. त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक ती वाचू लागले आणि डोंगरावरचे प्रवचन त्यांच्या मनाला भिडले. सारे धर्म, जातिभेद आणि देशाचे भले यांचा त्यांच्या मनात आधीपासूनच विचार चालू होता. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी लक्ष्मीबाईंवर वीज पडावी तशी पडली. त्या जेमतेम सव्वीस वर्षांच्या, पदरात लहान मूल. नवरा जिवंत, पण धर्माने परका झालेला. त्या काळी हे वैधव्याहून वाईट. त्यांचे जणू भान हरपले. काही काळ त्या बहिणीकडे पंढरपुरास राहिल्या. तिथे विठोबाच्या पायाशी त्यांनी किती अश्रू ढाळले असतील याची कल्पनाच केलेली बरी. त्या काळात त्यांच्या तोंडून कविता येऊ लागली.

येथे टिळकांची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८६६ साली सरकारने असा कायदा केला होता की ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर त्याचा जोडीदार नांदायला तयार नसेल, तर तो माणूस कोर्टात जाऊन लग्नातून मोकळा होऊ शके आणि दुसरे लग्न करू शके. टिळकांनी तसे केले नाही. जो माणूस क्षणाचाही धीर धरू शकत नसे, तो बायकोसाठी चार-साडेचार वर्षे थांबला. पत्रे पाठवीत राहिला, पण तिच्यावर जुलूम केला नाही. मला वाटते, देवाच्या कृपेचे पहिले फळ त्या घरात दिसले ते हेच. राग एकदम गेला नाही, पण थांबणे आले.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) टिळकांकडे आल्या. आल्या, पण सोवळे सोडले नाही. चूल वेगळी, पाणी वेगळे. वडिलांच्या ज्या वेडाने बालपण नासले, तेच आता लेकीच्या हाताला चिकटले होते. नवऱ्याने तेही चालू दिले. पुढे राहुरीस असताना त्या स्वतःशीच विचार करीत होत्या. ही जात केली कोणी? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या अंगावरही तिची खूण दिसली असती. विचार करता करता त्यांची खात्री झाली की हे भेद माणसानेच केलेले आहेत. त्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी वाद घालून हरवले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

माझ्या हिंदू मैत्रिणी मला कधी कधी विचारतात, तुमच्या धर्मात कृपा कृपा म्हणतात ती काय? मी माझ्या अल्प बुद्धीने सांगते. मजुरी कामाच्या मानाने मिळते. कृपा आपल्या लायकीवर नसते, ती आधी येते आणि माणूस मागाहून सुधारतो. आमच्या बायबलात कोणाचे दोष झाकलेले नाहीत. याकोबाने म्हाताऱ्या बापाला फसवले. दावीद राजाने दुसऱ्याची बायको नेली आणि त्या बिचाऱ्याला रणात मारवले. पेत्राने प्रभूला ओळखतच नाही म्हणून तीनदा सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूची वंशावळ दिली आहे, तीतही तामार आणि राहाब यांची नावे आहेत. एखादा भिडस्त लेखक असता तर त्याने ती गाळली असती. देवाने अशाच घराण्यात जन्म घेतला. तुमच्याकडील संतांनीही स्वतःला पतित म्हणवून पतितपावनाला हाक मारली, तेव्हा ही गोष्ट तुम्हांला परकी वाटू नये.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. देव क्षमा करतो म्हणून नवऱ्याने रागाला मोकळे सोडावे आणि बायकोने मार खाऊन गप्प बसावे, असा याचा अर्थ नाही. जानकीबाई गप्प बसल्या आणि संपल्या. त्यांच्या सुनेने सारे उघडपणे कागदावर मांडले. कृपा दोषाला दोषच म्हणते, पण दोषी माणसाला टाकून देत नाही. या दोहोंतला फरक आपण बायकांनी नीट ओळखावा.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे घर एकदम स्वर्ग झाले असे कोणी समजू नये. पैसा पूर्वीसारखाच उडे, भांडणेही होत. पण घराचे दार फार मोठे झाले. १९०० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांनी घरी आणली आणि ज्या बाईला एकेकाळी दुसऱ्याची सावली नको होती तिने जात न विचारता त्यांना न्हाऊमाखू घातले, जेवू घातले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले, त्यांनाही लक्ष्मीबाईंनी मुलासारखी माया दिली. टिळकांची भक्तिगीते आमच्या उपासनेत आजही गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय एकावन्नाच्या घरात. मुंबईत त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली, मुलाबरोबर कराचीस राहिल्या आणि मग नाशिकला आल्या. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले होते. त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. शाळा न पाहिलेल्या या बाईने पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३३ साली नागपूरच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिणार होता. त्याला आठवणी हव्या होत्या म्हणून त्या लिहू लागल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झाले. १९३४ पासून त्याचे भाग निघाले, शेवटचा भाग त्यांच्या मागे निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले.

हे पुस्तक आपल्या वाचनवर्गात भगिनींनी अवश्य घ्यावे. त्यात हसू फार आहे. नवऱ्याच्या खोड्या सांगताना त्या हसतात आणि स्वतःच्या वेडेपणालाही हसतात. वडिलांविषयी किंवा सासऱ्यांविषयी सूड म्हणून त्यांनी एक ओळ लिहिलेली मला आढळली नाही, आणि खोटे बोलून त्यांना चांगलेही ठरवलेले नाही. ज्याला स्वतःला क्षमा मिळाली आहे त्यालाच असे लिहिता येत असावे.

आपल्या प्रत्येकीच्या घरी एखादी झाकलेली गोष्ट असते. कुणाचा दीर पितो, कुणाच्या घरी दोन भाऊ बोलत नाहीत, कुणाची सासू-सून दहा वर्षे एका ताटात जेवलेल्या नाहीत. अशा घरांवरून देव पुढे निघून जातो असे कोणी मनात आणू नये. आपले मंडळ ही एकमेकींना असे दुःख विश्वासाने सांगण्याची जागा व्हावी, आणि ऐकणारीने ते बाहेर न नेता पोटात ठेवावे, एवढीच या वर्धापनदिनी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.