फ्लॉरेन्स नाइटिंगेल : आकड्यांचे चित्र काढणारी सेवाव्रती

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांची विचारपूस करणारी परिचारिका डोळ्यांपुढे उभी राहते. ते खरेच आहे. पण या बाईंनी दिव्याइतकेच मोठे काम कागद, पट्टी आणि तीन रंग घेऊन केले. त्याची माहिती आपल्या भगिनींना व्हावी म्हणून हा अल्प प्रयत्न.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. रुग्णसेवा हे तेव्हा हलके काम समजत, म्हणून घरच्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. परंतु तिचा निश्चय ढळला नाही. १८५१ मध्ये जर्मनीत कैसर्सवर्थ येथे तिने शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील स्त्रियांच्या एका रुग्णालयाचा कारभार हाती घेतला.

पुढे क्रिमियाचे युद्ध पेटले. नोव्हेंबर १८५४ मध्ये बाई ३८ परिचारिकांसह तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. इमारतीखाली तुंबलेली गटारे, कोंदट हवा, घाण पाणी आणि दाटीवाटीने पडलेले रुग्ण! बाईंनी स्वयंपाक, कपडे, बिछाने यांची व्यवस्था लावली. तरी मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांत ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारी आरोग्य मंडळ आले. त्याने गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत तोच आकडा शंभरात सुमारे २ वर आला.

१८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर बाईंनी विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीने सर्व मृत्यूंचा हिशेब मांडला. तेव्हा दिसून आले की शत्रूच्या गोळीने थोडे शिपाई मेले. पटकी, हगवण आणि ज्वराने कितीतरी अधिक मेले. आणि स्कुटारीचे रुग्णालय, जिथे बाई स्वतः राबल्या, तेच फार घातक ठरले होते. हिशेब कठोर होता, पण त्यांनी तो झाकून ठेवला नाही.

आता हे सरकारला पटवायचे कसे? आकड्यांची लांबलचक कोष्टके मंत्री वाचणार नाहीत, हे त्या जाणून होत्या. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी एक आकृती छापली. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाचे बारा भाग. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, इतर कारणांचे काळ्या. पाहणाऱ्याला वाचावेही लागत नाही. निळा रंग पसरलेला दिसतो, तांबडा मध्याशी चिमूटभर. शेजारीच दुसऱ्या वर्षाची आकृती. साफसफाईनंतर ती आक्रसत गेलेली.

या आकृतीमागे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. आधीच्या एका आकृतीत बाईंनी आकडा मध्यापासूनच्या लांबीने दाखवला होता. तसे केले की मोठा आकडा आहे त्याहून मोठा भासतो. आपल्याला हे भाकरीवरून कळेल. जाडी तीच ठेवून दुप्पट रुंद भाकरी थापायची, तर पीठ दुप्पट नव्हे, चौपट लागते. हे ध्यानी येताच बाईंनी चूक दुरुस्त केली आणि भागाचे क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात ठेवले. आपली बाजू खरी असूनही त्यांनी डोळ्यांना फसवले नाही.

दुसऱ्या एका आकृतीत त्यांनी नुसत्या आडव्या पट्ट्या काढल्या. शांततेच्या काळी बराकीत राहणारे तरुण शिपाई बाहेरच्या तरुणांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हे त्यातून उघड झाले. पुढे बराकी सुधारल्या. १८५८ मध्येच लंडनच्या आकडेशास्त्र संस्थेने त्यांना पहिली स्त्री सभासद करून घेतले.

हिंदुस्थानात बाई कधी आल्या नाहीत, पण इथल्या पाण्याची व गटारांची चिंता त्यांनी अनेक वर्षे वाहिली. इथल्या गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ मृत्यू होत. १८७३ पर्यंत ते १८ वर आल्याचे त्यांनी मांडले. गावांच्या स्वच्छतेविषयी आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. आपल्या कात्रजच्या तळ्यातून पेशवाईत भुयारी नळाने पुण्याला पाणी गेले. शुद्ध पाण्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

१८६० मध्ये बाईंनी लंडनला परिचारिकांची शाळा काढली. पुढे दीर्घ आजारपणात अंथरुणावरूनही त्या लिहीत राहिल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या फळ्यावर आपणही डासांच्या तापाची किंवा पाण्याची माहिती लावतो. ती लावताना बाईंचा कित्ता गिरवावा. एका चित्रात एकच गोष्ट सांगावी. रंग दोन-तीनच घ्यावेत आणि कोणता रंग कशाचा, ते खाली लिहावे. दुप्पट असेल ते दुप्पटच दिसावे, कमी नाही, जास्त नाही. चित्र सुबक असावेच, पण त्याआधी ते खरे असावे. जाता-येता क्षणभर थांबलेल्या बाईलाही ते कळले आणि तिने घरी जाऊन पाण्याचे पिंप घासून कोरडे केले, तर आपले श्रम सार्थकी लागले असे समजावे.