बिअरमधल्या पाण्याचा हिशेब मांडणारा प्राध्यापक

भिवंडीतल्या सायझिंगवाल्यांना हे सांगायला नको. खळीत पाणी जास्त झाले की सुताला बळ येत नाही आणि मागावर तार तुटू लागते. नुकसान होते ते माग चालवणाऱ्याचे. बिअरचेही असेच आहे. पाणी घातल्यावर नेमके काय आणि किती कमी होते, याचा पक्का हिशेब प्रागमधल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडला. त्यांचे नाव कार्ल बालिंग.

कोण होते बालिंग?

बालिंग यांचा जन्म १८०५ मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, एका लोखंड कारखान्याच्या वस्तीत झाला. पुढे ते प्रागच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. बिअर हा तिथला मोठा धंदा. १८४२ मध्ये पिल्झेन शहरात सोनेरी बिअर तयार झाली आणि पुढे ती जगभर गेली. त्याच सुमारास, १८४३ मध्ये, बालिंग यांनी आपली मोजणीची पद्धत मांडली.

अंश म्हणजे काय?

मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजवली की गोड पाणी निघते. त्याला वर्ट म्हणतात. ते आंबले की बिअर होते. त्यात काचेची नळी तरंगत ठेवली, तर दाट वर्टमध्ये ती वर राहते, पातळ वर्टमध्ये खाली जाते. बालिंग यांनी साखरेच्या द्रावणांची घनता मोजून कोष्टके तयार केली. १०० ग्रॅम वर्टमध्ये १२ ग्रॅम विरघळलेला ऐवज असेल, तर ते १२ अंशांचे. इतके सोपे.

पाणी घातले तर?

२० अंशांच्या १० किलो वर्टमध्ये १० किलो पाणी घातले, तर बरोबर १० अंश उरतात. मात्र १० लिटर वर्टमध्ये १० लिटर पाणी घातले, तर सुमारे १०.४ अंश येतात. कारण दाट वर्टचे १० लिटर जवळपास १०.८ किलो भरतात. अंश वजनावर ठरतात, मापावर नाही. इथेच अनेकांचा हिशेब चुकतो.

कडूपणाचे काय?

कडूपणा हॉप्सच्या फुलांमुळे येतो. तो बालिंग यांच्या नळीवर दिसत नाही. आज तो लिटरमागे मोजतात. त्यामुळे उकळून झाल्यावर तेवढेच पाणी घातले, तर ४० एककांचा कडूपणा २० वर येतो. पण दाट वर्टमध्ये हॉप्सचा कडूपणा मुळातच कमी उतरतो. म्हणून थोडे दाट वर्ट उकळून नंतर पाणी वाढवलेली बिअर आणि सुरुवातीपासून पूर्ण पाण्यात उकळलेली बिअर, दोन्हींचे अंश सारखे असले तरी हॉप्स तेवढेच वापरल्यास पहिली कमी कडू लागते.

लबाडी कशी कळते?

बालिंग यांचे सर्वांत मोठे काम इथे आहे. वर्टमधल्या सुमारे २.०६६५ ग्रॅम ऐवजापासून १ ग्रॅम मद्यार्क तयार होतो, असे त्यांनी मांडले. बाकीचा भाग वायू आणि यीस्टमध्ये जातो. त्यामुळे तयार बिअरमधला मद्यार्क आणि उरलेला ऐवज मोजला की मूळ वर्ट किती अंशांचे होते, हे उलट गणिताने काढता येते. १२ अंशांची म्हणून विकलेली बिअर पाणी घालून १० वर आणली असेल, तर ते आकड्यांतून उघड होते.

आपल्याकडे काय?

बालिंग यांची कोष्टके पुढे जर्मनीच्या ब्रिक्स यांनी सुधारली. आपल्या साखर कारखान्यांत उसाच्या रसाचा ‘ब्रिक्स’ काढतात आणि नाशिकचे द्राक्ष बागायतदार गोडी तपासतात, ती हीच मोजणी. बिअरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे.

बालिंग १८६८ मध्ये प्रागमध्ये वारले. त्या शहरात आजही गिऱ्हाईक ‘दहा’ किंवा ‘बारा’ अशी बिअर मागते. तो आकडा मद्यार्काचा नसतो. तो बालिंग यांच्या अंशांचा असतो.