ज्यांच्या नावावरून ई-कोलाय ओळखला जातो, त्याच डॉक्टरांनी जगातली पहिली आईच्या दुधाची बँक सुरू केली

पाण्याचा रिपोर्ट येतो, त्यात ई-कोलाय निघतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच गोंधळ उडतो. गावातली विहीर असो, पाणीपुरीची गाडी असो नाहीतर लघवीच्या इन्फेक्शनचा रिपोर्ट, हे नाव दिसलं की माणूस दचकतोच.

पण यातला ई म्हणजे काय, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

ई म्हणजे एशेरिशिया. आणि एशेरिशिया हे नाव आलं एका डॉक्टरच्या आडनावावरून. थिओडोर एशेरिश. लहान मुलांचे डॉक्टर.

ज्या माणसाचं नाव आज घाणीशी आणि आजाराशी जोडलं जातं, त्याचं सगळं आयुष्य तान्ह्या बाळांना जगवण्यात गेलं. १९०९ साली व्हिएन्नामध्ये जगातली पहिली आईच्या दुधाची बँक सुरू झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने.

जंतूंवर काम करणारा माणूस दुधाच्या बँकेपर्यंत कसा पोहोचला, त्याचीच ही गोष्ट.

२९ नोव्हेंबर १८५७. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात अन्सबाख नावाच्या गावात थिओडोरचा जन्म झाला. वडील फर्डिनांड सरकारी डॉक्टर होते आणि वैद्यकीय आकडेवारीचा अभ्यास करायचे. थिओडोर पाच वर्षांचा असतानाच आई गेली. पुढे वडिलांनी पुन्हा लग्न केलं आणि कुटुंब वुर्झबर्गला राहायला आलं.

पोरगं हुशार होतं, पण खोड्याही तितक्याच. शेवटी बाराव्या वर्षी त्याची रवानगी ऑस्ट्रियातल्या जेझुइट पाद्र्यांच्या बोर्डिंग शाळेत झाली. तिथून परत येऊन शाळा संपवली आणि वडिलांच्या पावलावर पाऊल टाकत १८७६ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. १८८२ मध्ये वुर्झबर्गमधून डॉक्टरेट मिळवली.

हा काळ समजून घेतला पाहिजे.

१८८२ मध्येच रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू शोधला होता. दोन वर्षांनी याच कॉख यांनी कोलकात्यात येऊन कॉलऱ्याचा जंतू वेगळा करून दाखवला. आजार म्हणजे देवाचा कोप किंवा खराब हवा नाही, त्यामागे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, हे नव्यानेच सिद्ध होत होतं. तरुण डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाचं वेड लागलं होतं.

एशेरिशही त्यातलेच. १८८४ मध्ये इटलीतल्या नेपल्स शहरात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा बव्हेरिया सरकारने त्यांना अभ्यासासाठी तिकडे पाठवलं. परत आल्यावर म्युनिकमध्ये त्यांनी कामासाठी एक विषय निवडला. तो ऐकून बाकीच्यांनी नाकं मुरडली असती तरी नवल नव्हतं.

विषय होता तान्ह्या बाळाची शी.

पण त्यामागचं कारण गंभीर होतं. त्या काळात बव्हेरियात जन्मलेल्या दर दहा बाळांमागे जवळपास तीन बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. युरोपातल्या सगळ्यात वाईट आकड्यांपैकी हा एक. उन्हाळा आला की जुलाब सुरू व्हायचे आणि दोन-तीन दिवसांत बाळ सुकून जायचं. बव्हेरियाच्या बऱ्याच भागांत बाळाला अंगावर पाजण्याची पद्धतच कमी होती. जन्मल्यापासून गाईचं दूध, नाहीतर पिठाची पेज. दूध टिकवायला फ्रिज नाही, बाटली उकळायची अक्कल नाही.

बाळाच्या पोटात नेमकं काय बिघडतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. एशेरिश यांचा विचार सरळ होता. बिघडलेलं पोट समजून घ्यायचं असेल तर आधी चांगल्या पोटात काय असतं ते कळायला हवं.

त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या पहिल्या काळ्या शीपासून सुरुवात केली. जन्मताना त्यात जंतू सापडत नव्हते. मात्र काही तासांतच ते दिसायला लागायचे. म्हणजे हे जंतू बाहेरून येत होते आणि बाळाच्या आतड्यात घर करत होते. पुढे बाळ काय पितं, त्यावर कोणते जंतू वाढतात हे बदलत होतं. आईच्या दुधावरच्या बाळाच्या पोटातलं चित्र वेगळं आणि वरच्या दुधावरच्या बाळाचं वेगळं.

१४ जुलै १८८५ रोजी म्युनिकमध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. त्यात एका दांडीच्या आकाराच्या, भराभर वाढणाऱ्या जंतूचं वर्णन होतं. मोठ्या आतड्यात अगदी सर्रास सापडतो म्हणून त्यांनी त्याचं बारसं केलं बॅक्टेरियम कोलाय कम्युन. पुढच्या वर्षी तान्ह्या बाळांच्या आतड्यातले जंतू आणि पचन या विषयावर त्यांचा ग्रंथ आला आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हे नाव युरोपभर पोहोचलं.

आता एक गैरसमज दूर करू. ई-कोलाय म्हटलं की आजार, असं नसतं. तो तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा गुपचूप राहतो. त्याचे काही प्रकार तेवढे त्रासदायक. शिवाय तो आतड्यातला रहिवासी असल्यामुळे पाण्यात सापडला की त्या पाण्यात शौचाची घाण मिसळली आहे असं समजतात. म्हणून रिपोर्टमध्ये त्याला शोधतात. हाच जंतू लहान मुलींच्या मूत्राशयात गेला की आजार होतो, हेही पुढे १८९४ मध्ये एशेरिश यांनीच नोंदवलं.

एवढं नाव झाल्यावर दुसरा कुणी प्रयोगशाळेतच रमला असता. एशेरिश मात्र वॉर्डमध्ये राहिले. म्युनिकच्या हाउनर बालरुग्णालयात काही वर्षं काम केल्यावर १८९० मध्ये त्यांना ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातून प्राध्यापकपदाचं बोलावणं आलं. तिथलं छोटं बालरुग्णालय त्यांनी वाढवलं, प्रयोगशाळा उभी केली आणि बारा वर्षांत ग्राझचं नाव युरोपातल्या चांगल्या बालरुग्णालयांमध्ये नेऊन बसवलं.

ग्राझमध्येच संसार उभा राहिला. १८९२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लिओपोल्ड फाउंडलर यांच्या मुलीशी, मार्गारेटशी, लग्न झालं. एक मुलगा, एक मुलगी. मुलाचं नाव आजोबांच्या नावावरून लिओ ठेवलं.

त्यांच्या हाताखालची पोरंही एकापेक्षा एक निघाली. अर्न्स्ट मोरो या त्यांच्या सहकाऱ्याने १९०० मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमधून अॅसिडोफिलस हा जंतू वेगळा केला. आज प्रोबायोटिकच्या पाकिटावर जे लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस असं नाव वाचता ना, तोच हा. अॅलर्जी हा शब्द जगाला देणारे क्लेमेन्स फॉन पिरके हेसुद्धा एशेरिश यांच्याच हाताखाली तयार झाले.

१९०२ मध्ये व्हिएन्नातून बोलावणं आलं. साम्राज्याच्या राजधानीतलं बालरोगाचं प्राध्यापकपद आणि सेंट अॅना बालरुग्णालयाची जबाबदारी. बालरोगतज्ज्ञासाठी त्या काळात याहून मोठी खुर्ची नव्हती.

पण व्हिएन्नात सुरुवातीलाच घरात आभाळ कोसळलं. लिओ दहा वर्षांचा असताना अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. शेकडो मुलांना वाचवणाऱ्या डॉक्टरला स्वतःचा मुलगा वाचवता आला नाही.

साधारण त्याच सुमारास, १९०३ मध्ये, एशेरिश यांनी व्हिएन्नात एक संस्था सुरू केली. नावाचा सरळ अर्थ होता तान्ह्या बाळांचं रक्षण. शहरातल्या प्रतिष्ठित घरांकडे, खासकरून बायकांकडे त्यांनी मदत मागितली. बाळांसाठी वेगळा वॉर्ड, आयांना सल्ला देणारं केंद्र, ज्यांना अंगावर पाजता येत नाही त्यांच्यासाठी शुद्ध दुधाचं वाटप अशी कामं सुरू झाली. भर मात्र एकाच गोष्टीवर होता. जमेल त्या आईने बाळाला स्वतःचं दूध पाजावं.

प्रश्न होता तो ज्यांना आईचं दूधच मिळत नव्हतं त्या बाळांचा. कुणाची आई बाळंतपणात गेलेली, कुणाची आजारी, कुणी वेळेआधी जन्मलेलं, ओढून पिण्याचीही ताकद नसलेलं.

याला जुना उपाय होता पगारावर दूध पाजणारी बाई. त्याची काळी बाजू व्हिएन्नाला चांगली माहीत होती. तिथे १७८४ पासून सरकारी प्रसूतिगृह आणि त्याला जोडून टाकलेल्या बाळांचं अनाथालय होतं. लग्न न झालेल्या गरीब बायका तिथे फुकटात बाळंत व्हायच्या. त्याची किंमत म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना तपासू द्यायचं आणि नंतर काही महिने अनाथालयातल्या बाळांना पाजायचं. काही जणी श्रीमंतांच्या घरी दूध पाजायला जायच्या. त्यांचं स्वतःचं बाळ मात्र खेड्यात कुणाकडे तरी वरच्या दुधावर वाढायचं. वाढलं तर.

आपल्याकडे हिरकणीची गोष्ट सांगतात. बाळाला पाजायला ती रायगडाचा कडा उतरली. इथे उलट होतं. पोटासाठी आईला बाळ सोडून दुसऱ्याच्या दारात जावं लागत होतं. त्यात बाळाकडून बाईला आणि बाईकडून बाळाला सिफिलिससारखे आजार लागण्याची भीती वेगळीच.

१९०९ मध्ये सुरू झालेल्या दुधाच्या बँकेने या जुन्या पद्धतीला पर्याय दिला. ज्या आईला जास्तीचं दूध येतं तिने ते काढून द्यायचं, रुग्णालयाने ते टिकवायचं आणि गरजेच्या बाळाला पाजायचं. आता बाईने जायची गरज नव्हती, फक्त दूध गेलं तरी चालणार होतं. त्याच सुमारास नवजात बाळांना टिकवलेलं आईचं दूध देऊन पाहिल्याचे प्रयोग व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. दूध टिकवायचं म्हणजे जंतूंना आवरायचं. आणि जंतू कसे येतात, कसे वाढतात याचं शास्त्र एशेरिश यांच्या पिढीनेच उभं केलं होतं.

कल्पना लगेच पसरली. १९१० मध्ये अमेरिकेत बोस्टनला अशी सोय झाली. १९१९ मध्ये जर्मनीत माग्देबुर्ग शहरात मारी-एलिझ कायझर या डॉक्टर बाईंनी बँक सुरू केली.

एशेरिश यांना मात्र यातलं फारसं बघायला मिळालं नाही. व्हिएन्नात नवं, मोठं बालरुग्णालय व्हावं म्हणून त्यांची धडपड चालली होती. ते उभं राहायच्या आधीच, १५ फेब्रुवारी १९११ रोजी, मेंदूच्या झटक्याने ते गेले. वय होतं ५३. त्यांची खुर्ची पिरके यांनी सांभाळली.

पुढे १९१९ मध्ये त्यांनी शोधलेल्या जंतूला त्यांचंच नाव देण्यात आलं. एशेरिशिया कोलाय. ते सर्वमान्य व्हायला १९५८ उजाडलं. नाव अमर झालं खरं, पण डॉक्टर विसरले गेले आणि जंतू तेवढा लक्षात राहिला.

त्यांची दुधाची बँक मात्र फिरत फिरत आपल्या दारापर्यंत आली.

१९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली दूध बँक सुरू झाली. धारावीच्या शेजारचं हॉस्पिटल, कमी दिवसांची आणि कमी वजनाची बाळं, आणि वरच्या दुधाने होणारं इन्फेक्शन. व्हिएन्नातलाच प्रश्न ऐंशी वर्षांनी मुंबईत उभा होता.

आज या बँका कशा चालतात?

दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस अशा आजारांसाठी तपासणी होते. तिच्या बाळाचं पोट भरून जे उरतं तेवढंच दूध घेतलं जातं. त्यासाठी पैसे दिले जात नाहीत, ते दान असतं. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून लगेच थंड करतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. मग ते एनआयसीयूमधल्या अशा बाळांना मिळतं ज्यांच्या आईला अजून दूध आलेलं नाही किंवा जिची तब्येत पाजण्यासारखी नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना आतड्याचा एक जीवघेणा आजार होतो. पावडरच्या दुधापेक्षा दान केलेल्या आईच्या दुधावर त्याचा धोका कमी असतो. पहिली पसंती अर्थात बाळाच्या स्वतःच्या आईच्या दुधालाच. बँक त्यानंतर.

आणि हो, दूध बाळापर्यंत जाण्याआधी एक तपासणी राहतेच. तापवलेल्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघतात. एकही वाढला तरी ते दूध फेकून दिलं जातं.

ज्या जंतूंची तिथे धास्ती असते त्यात ई-कोलाय असतोच. त्याला बाळापासून लांब ठेवण्याची ही सगळी खटपट, आणि अशी पहिली बँक सुरू करणारे होते डॉ. एशेरिशच.

त्यामुळे पुढच्या वेळी रिपोर्टमध्ये ई-कोलाय दिसला तर पाणी उकळून प्याच. पण त्या ईमागचा डॉक्टरही लक्षात ठेवा. आणि ओळखीत कुणी बाळंतीण असेल, तिच्या बाळाचं पोट भरून दूध उरत असेल, तर जवळच्या दूध बँकेबद्दल तिला नक्की सांगा. एनआयसीयूतलं एखादं बाळ त्याची वाट बघत असेल.